हँडल विथ केअर

खड्डा पहिला. हिंगणघाटच्या नाक्यावरच.

तानाबाई काही बोलली नाही.

सकाळीच तिला दवाखान्यातून सुट्टी झाली होती. खुब्यात सळी. भाचा चंद्रभान कापूस जिनिंगमध्ये खाली करून वडनेरला परतत होता. त्याच्याच ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत डोमाजीनं बायकोला घेतलं. खाली गुडघाभर भाताचं वाळलं तणस, त्यावर गादी, दोन्ही अंगांना तणसानं ठासलेली पोती. तीस वर्षं काचसामानाच्या दुकानात खोकी भरलेले हात होते ते. मागच्या फाळक्याला त्यानं खोक्याची एक फळीही बांधली होती. लाल अक्षरांत तीन इंग्रजी शब्द. त्याला तेवढेच लिहिता येत.

"मामी काय कपबशी हाय, मामा?" चंद्रभान निघतानाच हसला होता.

"तू समोर पाह्य."

खड्डा चौथा.

शब्द नाही.

खोकं भरलं की डोमाजी ते हलवून कान लावी. आतून आवाज आला, तर माल नीट बसला नाही. उघडून पुन्हा भरायचं. आवाज नाही, तर माल साबूत. त्याच्या हातची एक बशी कधी फुटली नव्हती.

खड्डा नववा. मोठा.

तानाबाईचे डोळे मिटलेले, ओठ गच्च. एरवी चप्पल वाकडी काढली तरी ही बाई घर डोक्यावर घेई.

"दुखते काय वं?"

काही नाही.

"सळी हालली काय?"

काही नाही.

डोमाजीनं तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास चालू होता. बाकी चूप. इतकं चूप खोकं त्यानं जन्मात भरलं नव्हतं.

"चंद्रभान, थांब! दवाखान्यात वापस चाल!"

ट्रॅक्टर करकचून थांबला. मागची एसटी बाजूनं निघताना हळू झाली. खिडकीतून कुणीतरी फळी मोठ्यानं वाचली, आणि अख्खी बस हसली.

तानाबाईनं एक डोळा उघडला.

"आयकलं? नाक्यापासून लोकं वाचून राह्यले, हासून राह्यले. शरमेनं तोंड दाबून पडली मी. काय लिवलं हाय असं?"

"सांभाळून न्या म्हून."

"मंग तोंडानं सांगता येत नाई? काढा ते फळी! अन् मानीखाली हे तणस टोचून राह्यलं कवाचं. तीस वर्षं कपबश्या भरल्या, अन् बायकोची मान भरता येत नाई? त्या पोत्याले धक्का द्या तिकडं. तिकडं म्हनलं ना, इकडं काऊन लोटता!"

डोमाजीनं मानेखालचं तणस काढलं, आपला दुपट्टा घडी करून तिथं सारला. फळी काढली नाही. वाकून, कान लावून ऐकत राहिला.

"जाऊ दे गावाकडं," तो चंद्रभानला म्हणाला. "आवाज येऊन राह्यला."