अकरा वर्षांच्या रात्री

फेब्रुवारीचा तिसरा शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ, समुद्रकिनाऱ्यावरील एका चार मजली हॉटेलचा स्वागतकक्ष. काउंटरच्या अलीकडे चौघे उभे होते: लिफ्टची तपासणी करणारा एक निरीक्षक, त्याची पत्नी, पत्नीची थोरली बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे निरीक्षकाचे साडू. साडू शाळेत भूगोल शिकवीत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. काउंटरच्या पलीकडे व्यवस्थापिका होती.

"या मास्तर! तुमची नेहमीची खोली तयार आहे. तिसरा मजला, समुद्राकडची."

'नेहमीची' हा शब्द ऐकताच निरीक्षकाच्या कपाळावर आठी उमटली.

ते शल्य जुने होते. अकरा वर्षांपूर्वी, मेहुण्याच्या लग्नात, दोघा साडूंनी गावोगावी शाखा असलेल्या याच हॉटेलच्या सभासदत्वाचे अर्ज एका टेबलावर बसून भरले होते. दहा रात्री मुक्काम केला की एक रात्र मोफत, असा सरळ नियम. पुढे दोन्ही कार्डे एकाच पाकिटातून निरीक्षकाच्या घरी आली. त्यांवर नाव नव्हते, केवळ क्रमांक होता. एकाचा कोपरा टपालात दुमडला होता. ते निरीक्षकाने मास्तरांना दिले आणि चकचकीत कार्ड स्वतःकडे ठेवले.

त्यानंतर महिन्यातले किमान पाच दिवस तो दौऱ्यावर असे. खोली कचेरीच्या नावाने घेतलेली असे. तो फक्त कार्डाचा क्रमांक सांगे, आणि तो त्याला तोंडपाठ होता. जाहिराती नकोत म्हणून अर्जावर त्याने फोन नंबर लिहिला नव्हता. प्रत्येक मुक्काम तो स्वतःच्या डायरीत टिपून ठेवी, आणि मिळालेली एकही मोफत रात्र खर्च करीत नसे.

"कधी जायचं हो?" पत्नी विचारी.

"साठू दे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की आठवडाभर जाऊ. समुद्राकडच्या खोलीत."

मास्तर मात्र गाव सोडून कुठे जात नसत. तरीही मोफत रात्री त्यांच्याकडे चालून येत. "तुम्ही दौऱ्याहून परत आलात की दोन दिवसांत माझा फोन वाजतो बघा," ते म्हणत. "तुमचा पायगुण!" सगळे हसत. निरीक्षक हसत नसे. दरवर्षी मास्तर आग्रहाने या दोघांनाही इथे बोलावीत. निरीक्षक येई, धुलाईखान्याशेजारची खोली पदरचे पैसे मोजून घेई, आणि चार दिवस मास्तरांच्या गॅलरीतला समुद्र पाहून जळत राही.

आज पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती.

"साडूभाऊ," मास्तर म्हणाले, "ऐका माझं. तुमच्या रात्री तशाच राहू द्या. हा आठवडा आमच्याकडून. माझी खोली तुम्ही घ्या."

"दुसऱ्याच्या रात्री मला नकोत!" निरीक्षकाचा आवाज चढला. "आणि मुळात तुमच्याकडे त्या आल्या कुठून? गावाची वेस तरी ओलांडता का तुम्ही?"

"ते नकाशावर फिरतात," थोरली बहीण म्हणाली. "बॅग भरायला नको, तिकीट काढायला नको."

निरीक्षक व्यवस्थापिकेकडे वळला. "बाई, यांचं खातं उघडा आणि बघा."

"बघता येईल, पण दुसऱ्याच्या खात्यातला तपशील तुम्हाला वाचून दाखवता येणार नाही." तिने पडद्यावर नजर टाकली. "मास्तर, हे मुक्काम तुम्ही स्वतः केलेत ना?"

"छे हो! मला वाटलं, माझा सोडतीत नंबर लागला. फोन नंबर सांगितला की खोली मिळायची. कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही."

व्यवस्थापिका गंभीर झाली. "मग लेखी तक्रार आली, तर मला कार्ड बंद करावं लागेल. उरलेल्या रात्री कायमच्या रद्द होतात. पण तक्रार आली तरच."

"देतो," निरीक्षक म्हणाला.

"अहो, राहू द्या ना," पत्नी हळूच म्हणाली. "ताईचे यजमान आहेत ते."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचा की खोलीचा?"

उभ्याउभ्याच त्याने सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली, एक स्वल्पविराम खोडून अर्धविराम केला, आणि शेवटी स्वतःहून एक वाक्य जोडले: 'रद्द झालेल्या रात्री कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव परत देण्यात येऊ नयेत.' खातेदार म्हणून मास्तरांनी खाली सही केली. त्यांचे कान लाल झाले होते.

"झालं समाधान?" त्यांनी विचारले. स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिकच झोंबले.

व्यवस्थापिकेने कळ दाबली. मास्तरांच्या खिशात फोन एकदा वाजला आणि गप्प झाला.

निरीक्षकाला अकरा वर्षांत प्रथमच हलके वाटले. त्याने पाकिटातून आपले कार्ड काढले, रुमालाने पुसले आणि काउंटरवर ठेवले. अजूनही ते सरळ, चकचकीत होते.

"आता माझ्या रात्री काढा. साठाच्या वर असतील. आठवडाभर, तिसरा मजला, समुद्राकडची. ती खोली आता मोकळी झालीच आहे."

पत्नीने बहिणीकडे पाहिले नाही. पण तिने बॅग मात्र उचलली.

व्यवस्थापिकेने क्रमांक दाबला. मग एकेका अंकावर बोट ठेवून पुन्हा दाबला. तिने तक्रारीचा कागद जवळ ओढला, पडद्याकडे पाहिले, कार्डाकडे पाहिले.

"साहेब," ती म्हणाली, "आपण आत्ता बंद करवलंत, ते हेच कार्ड."