कोपऱ्यातलं टेबल

“ते टेबल नको, मॅडम. स्वयंपाकघराचं दार सारखं उघडतं. वाफ येते, भांडी आदळतात,” मॅनेजर म्हणाला.

“म्हणून तर तेच हवं,” आई म्हणाली. “आमच्या विहीणबाईंसाठी. जन्म गेला त्यांचा हॉटेलांतली भांडी घासण्यात. तिथे त्यांना घरच्यासारखं वाटेल.”

मॅनेजरने लेकीकडे पाहिलं. लेक मेनूकार्ड वाचत होती. तिने मान वर केली नाही.

आईला हायसं वाटलं. मुलगा तिला पसंत नव्हताच. पण लेक हट्टाला पेटली, तेव्हा तिनेही शहाणपणाने पड खाल्ली. लग्न होऊ दे, पण माझ्या पद्धतीने. तिचं स्वतःचं लग्न कचेरीत सह्या करून, उसन्या कपड्यांत उरकलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात एकच चित्र होतं. आपण उंची कपड्यांत दारात उभ्या आहोत आणि येणारा प्रत्येक जण आधी आपल्याला भेटतो आहे. त्या एका संध्याकाळकडे ती डोळे लावून बसली होती. नवऱ्यामागे एकटीने लेक वाढवली. एवढा हक्क तिचा नाही तर कुणाचा?

मग चवी बघणं सुरू झालं. सूप पाणचट. मासळी बरी. केक इतका गोड, की पाहुण्यांचे दात पडायचे. मॅनेजर नंदीबैलासारखी मान डोलावत होता.

“घरचीच माणसं आहेत,” आई म्हणाली. “म्हणजे आमच्या घरची. तिकडची त्या कोपऱ्यात मावतील तेवढीच.”

“तिथे एकच खुर्ची लागते, मॅडम.”

“मग झालं तर!”

लेकीने मेनूकार्ड खाली ठेवलं. “आई, त्यांना आपल्या शेजारी बसवू या ना. एवढं ऐक माझं.”

“माझ्या शेजारी? उभ्या जन्मात नाही.”

“बरं,” लेक म्हणाली. थोडा वेळ ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग मॅनेजरकडे वळली. “तुम्ही जेवण डब्यांत भरून बाहेर पाठवता का?”

“डबे? अगं, लग्न आहे की सहल?” आईला इतकं हसू आलं, की डोळे पुसावे लागले. “उरलंसुरलं सासूकडे धाडायचं असेल हिला. मनाची मोठी आहे हो आमची!”

“पाठवतो की,” मॅनेजर म्हणाला.

बाहेर पडल्यावर लेकीने आईचा हात धरला. “माणसांना मीच कळवते. तू फोन करत बसू नकोस. मी मैत्रिणीकडूनच तयार होऊन निघेन. तू आपली नटूनथटून संध्याकाळी थेट इथे ये.”

“आणि दारात?”

“दारात तूच.”

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. शेवटी लेक कुणाची! नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे काही खोटं नव्हे.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी आई खास शिवून घेतलेल्या कपड्यांत गाडीतून उतरली आणि दारात जाऊन उभी राहिली. कुणी येईना. आपणच लवकर आलो, असं तिने मनाला समजावलं. नव्या चपलांनी पाय दुखायला लागले, तेव्हा ती आत डोकावली.

निम्मे दिवे बंद होते. मोठ्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. मॅनेजर लगबगीने पुढे आला.

“माणसं कुठायत?” आईने विचारलं.

“लग्न सकाळीच लागलं, मॅडम. तुमच्या विहीणबाईंच्या घरी. तुमच्याकडचीही सगळी तिथेच आहेत. जेवण आम्हीच पोचवलं, डब्यांतून. तुम्ही ठरवलं होतं तेच सगळं.” त्याने घसा साफ केला. “तुमचं ताट तेवढं इथे वाढायला सांगितलंय.”

त्याने हात केला. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. समोर एक खुर्ची. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि भांड्यांचा खडखडाट बाहेर आला.

“ताई म्हणाल्या,” मॅनेजर खाली बघत पुटपुटला, “तिथे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.”