मुका ट्रान्सफॉर्मर

वडीगोद्रीच्या वीज उपकेंद्रात जुने लाईनमन भुजंगमामांचा कान मीटरपेक्षा खरा, हे ऑपरेटर वसंताला आठ वर्षांत पुरतं कळलं होतं.

त्या दुपारी ट्रान्सफॉर्मरचा घुमणारा आवाज किंचित जड झाला. वसंताला ते जाणवलंही नाही. मामा मात्र हातातली भाकरी ठेवून उठले.

"वसंता, गावांचे सगळे स्विच पाड. जल्दी. लांब कुठंतरी मोठं वीजघर बसलं."

"पण मामा, आपली लाईन तर आहे."

"चार बैलांच्या नांगराचा एक बैल बसला की त्याचं ओझं तिघांवर येतं. मंग दुसरा बसतो, मंग तिसरा. आपण आपलं ओझं काढून घ्यायचं."

वसंतानं एकेक स्विच पाडला. तरी मीटरचा काटा नेहमीच्या पन्नास हर्ट्झवरून घसरत घसरत शून्यावर आला. ट्रान्सफॉर्मर मुका झाला.

काळा फोन वाजला. जालन्याचे साहेब होते. "सगळीकडची लाईन गेली. तुमच्याकडं?"

"इथंबी न्हाई, साहेब."

खिडकीतून मामा दिसत होते. ट्रान्सफॉर्मरला दोन्ही तळवे टेकून, बसलेल्या बैलाला उठवावं तसं ते हळू आवाजात काही बोलत होते.

पुन्हा ट्रान्सफॉर्मरचा आवाज घुमू लागला.

वसंतानं स्विचांकडं पाहिलं. सगळे खालीच होते. मीटरचा काटा मात्र चढत होता. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

फोनवर साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "वसंता, इथं दिवे लागून राह्यले. वीजघरं अजून बंदच आहेत. ही लाईन तुमच्याकडून येऊन राह्यली."