आसरांचा डोह

"मासे धरता म्हणा मावशी. एवढंच म्हणा, काम फत्ते," वकील तेजस्विनी कानाशी पुटपुटली.

सुंदराबाईंनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. शनिवार पेठेतल्या त्या कोंदट कचेरीत धरणाच्या पाणीवाटपाची सुनावणी संपत आली होती. धरणाखाली, त्यांच्या महादेव कोळ्यांच्या वाडीजवळ, नदीत आसरांचा, म्हणजे जलदेवतांचा, डोह होता. पावसाळा आला की त्यातल्याच माशांची पिल्लं सगळ्या नदीभर पसरायची. उन्हाळ्यात धरणातून नदीला थोडं पाणी सोडा, एवढंच वाडीचं मागणं. नाहीतर सगळं कालव्यात जाणार आणि डोह चैत्रातच आटणार.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, डोहावर तुमचा पंप आहे?"

"न्हाई."

"मासे तरी धरता?"

तेजस्विनीनं डोळे मिटून घेतले.

"आसरांचं पाणी हाय ते, साहेब. आमच्यात कुणी तितं जाळं टाकत न्हाई. आमी राखतो फकस्त."

"वा. म्हणजे वापर शून्य." साहेब कोरडं हसले. "राखणं हाही हक्कच, ते मला मान्य आहे. पण वाडीतली माणसं वाडीचंच सांगणार. बाहेरचं कुणी सांगेल?"

बाहेरचं कोण कशाला सांगेल? एक शब्द खोटा बोललं की पाणी मिळत होतं. पण मग घरी जाऊन त्याच डोहाला तोंड कसं दाखवायचं? सुंदराबाई होत्या तिथंच ताठ उभ्या राहिल्या.

मागच्या बाकावरचे रंगराव उठले. ते उसाचे बागायतदार, त्यांना सगळं पाणी कालव्यालाच हवं होतं. निकाल आपल्या बाजूनं झुकतोय हे दिसत होतं त्यांना, पण गप्प बसतील तर ते रंगराव कसले.

"साहेब, दिसती गरीब गाय, पण ही बाई लई डांबिस हाय. दोनदा माझं जाळं फाडलं हिनं. माझ्या बापाला हिच्या सासूनं काठी घिऊन पळवलं होतं. गावात कुणालाबी इचारा. पिढ्यान् पिढ्या त्या डोहात दुसऱ्याला पाय घालू देत न्हाईत ही माणसं."

तेजस्विनीनं पदरानं तोंड झाकलं. रंगराव तोऱ्यात खाली बसायला लागले.

"बसू नका, रंगराव," साहेब म्हणाले आणि त्यांनी लेखनिकाला खूण केली. "हेच सगळं परत एकदा सांगा. सावकाश. लिहून घ्यायचंय."