एक तास चाळीस मिनिटं

"नऊशे ऐंशी किलोमीटर," रजा अधिकारी संगणकाकडे बघत म्हणाला. "विमानाला एक तास चाळीस मिनिटं. जाऊन-येऊन साडेतीन तास धरा. एक दिवसाची रजा पुष्कळ झाली."

गोदीतली वेल्डरबाई त्याच्या टेबलासमोर उभी होती. अंगावर कामाचेच कपडे होते. तासाभरापूर्वी भावाचा फोन आला होता. वडील गेले.

"साहेब, विमान शहरात उतरतं. माझं घर तिथं नाही."

"कंपनी विमानतळ ते विमानतळ धरते. तिकीटही कंपनीच देतेय ना?"

"तिथून पुढे बस. दिवसातून एकच, सकाळी सहाची. आज संध्याकाळी उतरले तरी रात्र स्थानकावरच काढायची. मग बस सात तास. मग जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही. मग नदी. होडीवाला पलीकडे असला तर हाका मारत बसायचं. उद्या अंधार पडेपर्यंत पोचले तर पोचले. भावानं बर्फ आणलाय. परवा सकाळपर्यंत थांबतो म्हणालाय."

अधिकाऱ्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. दोन ठिपके होते आणि मध्ये एक सरळ रेघ.

"यात होडी कुठं आहे, दाखवा."

पाठीमागच्या रांगेत कोणीतरी दात-ओठ खाल्ले. वेल्डरबाईचा चेहरा तापला, पण आवाज चढला नाही.

"तुमचे वडील कुठं असतात, साहेब?"

"इथंच. माझ्याजवळ. त्याचा काय संबंध?"

"काहीच नाही."

तिनं टेबलावरचं पेन उचललं. अर्जावर त्यानं लिहिलेला 'एक' खोडला आणि शेजारी 'पाच' लिहिलं. इतकं दाबून, की कागद फाटला.

"हे चालणार नाही! परत आल्यावर काम राहीलच असं धरून चालू नका."

"आधी बापाला पोचवून येते. मग तुमचं काय ते बघू."

ती निघाली. रांगेनं दोन्ही बाजूंना सरकून वाट दिली. जिन्यावर तिचे जड बूट वाजत राहिले, मग थांबले.

अधिकाऱ्यानं फाटका अर्ज बाजूला सारला आणि तो घोटभर पाणी प्यायला. "पुढचा!"

एक म्हातारा फिटर पुढे आला. हातात कागद नव्हता.

"अर्ज कुठंय? किती दिवस हवेत?"

"मला रजा नको," फिटर म्हणाला. "मागच्या वर्षी माझी आई गेली तेव्हा तुम्ही मलाही असंच मोजून दिलं होतं. एक तास पंचवीस मिनिटं. मी पोचलो तेव्हा तिला नेलं होतं. दारात नुसत्या तिच्या चपला होत्या. तेवढं सांगायचं राहून गेलं होतं."