टिंबांसकट लिहिलेले आकडे

बॅग भरून झाली होती, एसटीला पाऊण तास होता. “जाताना तेवढो मोडेम लाव गो,” बोटीवरून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, म्हणाले. “मगे रोज तुका मेल धाडीन.” लिनक्सवर मोडेम चालवणारं मॉड्यूल बांधायला कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नेमक्या त्याच आवृत्तीच्या हेडर फाइल्स लागत होत्या, आणि त्या इंटरनेटवरून उतरवायला मोडेमच हवा होता. “हेडरची सीडी आणूक नाय,” मी म्हटलं. “पुढच्या खेपेक आणतंय. कर्नलच्या आवृत्तीचे आकडे टिंबांसकट लिवन ठेवा.” त्यांनी लॉगबुकातल्यासारख्या अक्षरात लिहून कागद मॉनिटरवर चिकटवला. पुढची खेप त्यांच्या दिवसकार्यालाच झाली. तेराव्यानंतर मी त्या कागदासमोर बसले. आकडे सीडीवरच्या हेडरशी तंतोतंत जुळले. मॉड्यूल बनलं, मोडेम किरकिरला. सगळ्याला दहा मिनिटंही लागली नव्हती. मागे आई उभी होती. “येवढाच काम होता गो?” “आये,” मी म्हटलं, “सीडी त्या दिवशी माझ्या बॅगेतच होती.”