सृष्टीच वेगळी

"तुझं पाणमांजर कुठल्या सृष्टीतलं?" आजीने लसूण सोलता सोलता विचारलं.

"प्राण्यांच्या," डुगडुगत्या स्टुलावर तोल सांभाळत पाहुणा म्हणाला. तो नातीला मागणी घालायला आला होता.

"आणि आमच्या पोरीचं ऑर्किड वनस्पतींच्या. म्हणजे पहिल्याच पायरीला ताटातूट."

आजी शाळेत गेली न गेल्यासारखीच. पण नातीने परीक्षेसाठी घोकलेलं सगळं याच स्वयंपाकघरात तिच्या कानावर पडलं होतं, आणि कानावर पडलेलं आजी वाया जाऊ देत नसे. नात आता घरामागच्या कड्यावरची दुर्मीळ ऑर्किडं राखायची. पाहुणा लांबच्या एका नदीवर पाणमांजरं राखायचा. लग्न झालं की पोरगी त्या नदीला जाणार, हे आजीने धरूनच ठेवलं होतं. मग हे घर खायला उठणार. ते काही पाहुण्याला सांगता येत नव्हतं. नकाराला दुसरं कारण हवं होतं.

"वर्ग?"

"माझं सस्तन, आजी. पिलांना पाजणारं. तिचं एकदल."

"गण? कुळ?"

"काहीच जुळत नाही," तो खुशीत म्हणाला.

नात फ्रीजला टेकून हसू दाबत होती. आजीला तिचा रागच आला.

"आणि धोका कुणाला जास्त?"

"तिच्या फुलाला. ते अतिसंकटग्रस्त. या एका कड्याशिवाय जगात कुठेच नाही. माझं नुसतं असुरक्षित, अजून बऱ्याच नद्यांत टिकून आहे."

"मग पोरगी इथून हलली तर त्या फुलाकडे बघायचं कुणी? तू?" आजीचा आवाज चिरकला. "का ते झाड तिच्यामागून चालत येणार आहे?"

"नाही ना. म्हणून तर मी येतोय. तुमच्या पुलाखालच्या ओढ्यातही पाणमांजरं आहेत. तिथे बदली मागितली होती, काल मिळाली. वरची खोली आम्हाला द्याल का, तेवढं विचारायचं होतं."

आजीने नातीकडे पाहिलं.

"मी सांगणारच होते," नात म्हणाली, "पण तू त्याला उंबरा ओलांडू दिलास कुठे? लगेच तोंडी परीक्षा."

आजीने हातातली सुरी खाली ठेवली. पाहुण्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पदराने डोळे पुसले आणि लसणाला दोन शिव्या घातल्या.

"दाराला कडी घाल गं," ती नातीला म्हणाली. "इतकी दुर्मीळ जात हातची जाऊ देत नसतात."